खराट्याचा युक्तिवाद

संपादकांनी विषय दिला तो तीन शब्दांत : धर्म विरुद्ध विज्ञान. दिवाळी अंकाला असा विषय शोभतो. एका बाजूला भगवी छाटी, दुसऱ्या बाजूला पांढरा कोट, मध्ये वीज चमकतेय, असं मुखपृष्ठही लगेच डोळ्यांपुढे उभं राहतं. मी म्हटलं, हा वाद पुण्या-मुंबईच्या सभागृहांत पुष्कळ झालाय. मी दर्यापूरला जातो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तिथं काय आहे?"

प्रश्न रास्त होता. दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. चंद्रभागेच्या काठचं, बनोसा या जोडगावासकट वाढलेलं. शकुंतला नावाची मूर्तिजापूर-अचलपूर छोटी गाडी इथून जायची, ती बंद पडली. रूळ गवतात आहेत. भोवताली मैलोनमैल काळी जमीन, त्यात कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. जमिनीखाली पाणी आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी खारं. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. पर्यटकानं थांबावं असं लासूरचं आनंदेश्वराचं जुनं दगडी देऊळ सोडलं तर फारसं काही नाही.

पण दर्यापूर मध्ये धरून गाडीनं दिवसभरात फिरून येता येईल एवढ्या टापूत शेंडगाव आहे, दापुरा आहे, ऋणमोचन आहे, माधान आहे, अमरावतीची अंबादेवी आहे. धर्मानं काय सांगावं, विज्ञानाला किती ऐकावं आणि माणसाला हक्क कुणी द्यावेत, यावर महाराष्ट्रात जी भांडणं झाली त्यातली निम्मी महत्त्वाची भांडणं या टापूत होऊन गेलीत. आणि गंमत अशी, की ती बहुतेक देवाचं नाव घेऊनच झाली.

पौषातला रविवार

पूर्णेकाठी ऋणमोचनला पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. मुद्गलेश्वराचं देऊळ, खाली नदी, नदीकडे उतरणारा घाट. रेवड्या-फुटाण्यांची दुकानं, भज्यांच्या कढया, पाळणा, आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. पौषात पूर्णेला पाणी बेताचंच असतं. लोक उतरतात, बुचकळी मारतात, ओल्या कपड्यांनी कुडकुडत वर येतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी इथं घाट नव्हता, नुसता चिखल होता. म्हातारी माणसं घसरायची. यात्रेत एक धिप्पाड तरुण यायचा, तो दर्शनाला न जाता खराट्यानं आवार झाडायचा आणि घसरणाऱ्यांसाठी दरडीत पायऱ्या खोदायचा. 1908 मध्ये इथं घाट बांधून काढला तोही त्यानंच, लोकवर्गणीवर. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव. आज शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, जुन्या पुस्तकांत पत्ता दर्यापूर तालुक्याचा सापडतो. बाप दारूपायी गेला, आईनं पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळचं दापुरा गाठलं, आणि मामाच्या घरी गुरं राखत पोरगा वाढला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे बकरं आणि दारू न देता त्यानं गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद चिडले होते. 1905 साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खापर. लोकांनी नाव ठेवलं गाडगेबाबा.

हे चरित्र शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, म्हणून ते इथं आटोपतं घेतो. मला जास्त रस आहे तो त्यांच्या कीर्तनाच्या यंत्रणेत. ते ऐकताही येतं. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं अखेरचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालंय आणि आता कुणाच्याही मोबाइलवर वाजतं. त्यानंतर दीड महिना पुरा व्हायच्या आत, 20 डिसेंबरला, अमरावतीला जाताना वलगावजवळ गाडीतच ते गेले.

ऐकताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की महाराज फार थोडं सांगतात. ते विचारतात. प्रश्न साधा असतो, ज्याचं उत्तर देताना कुणालाही शास्त्र लागत नाही. समोरची गर्दी एका आवाजात उत्तर देते. लगेच दुसरा प्रश्न, तोही तितकाच साधा. पुन्हा उत्तर. मग दोन उत्तरं शेजारी ठेवली जातात आणि त्यातली विसंगती लोकांना स्वतःच्या तोंडून ऐकू येते. देवळात अंधार असला तर देव दिसतो का? मग दिवा लावल्यावर दिसतो तो दिव्यामुळे की देवामुळे? नवसाचं बकरं ज्या देवाला लागतं, तो त्या बकऱ्याचा कुणी लागतो की नाही? याच पद्धतीनं कर्ज, दारू, शिवाशीव, मुलांची शाळा. मध्येच नामाचा गजर, की ताण सैल. पुन्हा प्रश्न.

भौतिकशास्त्राच्या वर्गात चांगला शिक्षक हेच करतो. फरक एवढा की इथं फळा नाही आणि ऐकणारा माणूस देवाच्या नावानं जमलेला असल्यानं त्याला आपण शत्रूच्या गोटात आलो असं वाटत नाही. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं.

चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात, ती या लेखाच्या विषयाला थेट भिडते. बाबांचा एकुलता मुलगा गोविंदा 1923 साली गेला, तो पिसाळलेलं कुत्रं चावून. खारेपाटणला कीर्तन चालू असताना निरोप आला आणि कीर्तन थांबलं नाही, हा भाग भक्तिभावानं सांगितला जातो. त्यातली दुसरी बाब सहसा कुणी सांगत नाही. पाश्चरनं त्या रोगावरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली 1885 साली, म्हणजे गोविंदा जाण्याच्या अडतीस वर्षं आधी. हिंदुस्थानात कसौलीची पाश्चर संस्था 1900 पासून चालू होती. विज्ञान तयार होतं. ते वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत आलं नव्हतं. पुढे येणाऱ्या पुष्कळ गोष्टींचं मूळ मला इथं दिसतं.

डार्विनशी वाद घालणारे महाराज

या टापूतले सगळेच संत खराटा घेऊन फिरत नव्हते. चांदूर बाजार तालुक्यातलं माधान हे गुलाबराव महाराजांचं गाव. जन्म 1881 चा, म्हणजे गाडगेबाबांहून पाच वर्षांनी लहान. तान्हेपणीच दृष्टी गेली. 1915 साली चौतिसाव्या वर्षी वारले. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ सांगून लिहवून घेतले. त्यांत वेदान्त आहे, भक्ती आहे, आयुर्वेद आहे, आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांची चिकित्साही आहे.

मला हे विलक्षण वाटतं. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातला एक अंध तरुण दुसऱ्याकडून वाचून घेतो, उत्क्रांतीचा सिद्धान्त समजून घेतो आणि आपल्या परंपरेच्या बाजूनं त्याला उत्तर द्यायला बसतो. त्यांचं उत्तर आज जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटणार नाही. मलाही पटत नाही. पण प्रतिपक्ष आधी वाचावा, त्याचं म्हणणं मांडावं आणि मग खोडावं, ही शिस्त त्यात आहे. आज टीव्हीवर विज्ञानाला 'आमच्याकडे आधीच होतं' म्हणून झटकणाऱ्यांनी निदान माधानची ही शिस्त उचलायला हरकत नाही.

एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, धर्माचे हे दोन आवाज : एक विज्ञानाच्या सिद्धान्ताशी भांडतो, दुसरा सिद्धान्ताचं नाव न घेता विज्ञानाची रीत वापरतो. म्हणून 'धर्माची भूमिका काय' असं एकवचनी विचारणारा प्रश्न मला वऱ्हाडात आल्यावर विचारवेना.

मंत्र का लागतो

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी हे साप दिसण्याचे दिवस. शेतपंपाची वीज पाळीपाळीनं, कधी रात्रीची येते; मग हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात बांधावरून चालतो. दर्यापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठा दवाखाना म्हणजे अमरावती, पन्नासेक किलोमीटर. आणि गावोगाव कुणी ना कुणी साप उतरवणारा आहे.

चहाच्या टपरीवर हा विषय काढला, की पहिलं वाक्य ठरलेलं येतं : "भाऊ, आमच्या डोळ्यानं पाह्यलं, उतरलं त्याचं." हे खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरोखर पाहिलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. ज्यांच्यामुळे माणसं दगावतात ते मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यांतलाही साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तेव्हा मंत्र घालणाऱ्याकडे गेलेल्यांतली पुष्कळ माणसं काहीही न करता बरी होणारच असतात. त्यांचं बरं होणं मंत्राच्या खात्यावर जमा होतं. जो मरतो त्याच्याबद्दल "उशीर झाला" म्हणतात, आणि तो हिशेब कुणी मांडत नाही.

मण्यार सगळ्यात फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधावी लागते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास. घोणस चावली तर उलट : जबरदस्त दुखतं, सूज चढते, रक्त गोठेनासं होतं. डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष दवाखान्यात मिळतं. ते किती लवकर शिरेत जातं यावर सगळं आहे. मंत्र स्वतः मारत नाही. त्यात जाणारा तास-दीड तास मारतो.

ही आकडेमोड सांगितली की टपरीवरचा माणूस ऐकतो, मान डोलावतो, आणि विचारतो, "मंग रात्री दोन वाजता मले नेईल कोण?" या प्रश्नाला विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर नाही. मांत्रिक शेजारच्या आळीत राहतो, हाक मारली की येतो, पैशासाठी अडत नाही, आणि घाबरलेल्या घराला कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायला लावतो. दवाखान्याला गाडी लागते, सोबत माणूस लागतो, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. श्रद्धा आणि सोय इतक्या एकमेकींत गुंतलेल्या असतात की फक्त श्रद्धेवर भाषण देणाऱ्याला गाव हसतं.

कायद्यात कीर्तनाला जागा

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा या साप-कुत्र्यापर्यंत येतो. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या जोरावर फसवणूक, करणीच्या संशयावरून कुणाला छळणं, नरबळी, असं सगळं मिळून बारा प्रकार अनुसूचीत आहेत.

हा कायदा यायला किती वर्षं लागली ते आठवावं. 1995 मध्ये विधान परिषदेत ठराव. 2005 च्या डिसेंबरात विधानसभेनं विधेयक मंजूर केलं, परिषदेत ते अडलं. वारकरी संघटना रस्त्यावर उतरल्या : उद्या वारी बंद कराल, कीर्तन बंद कराल, सत्यनारायण गुन्हा ठरवाल. मसुदा कापला गेला, पुन्हा कापला गेला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला; डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. खुनाच्या खटल्यात मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

कायद्याचं जे कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं ते गुन्ह्यांचं नाही, सुटींचं आहे. काय केल्यास गुन्हा होणार नाही याची यादी त्यात दिलीय : प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये प्रार्थना, जैनांचं केशलोचन, कान-नाक टोचणं, जोशी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचा सल्ला, आणि जमिनीखालचं पाणी कुठं आहे याचा सल्लासुद्धा. हे शेवटचं वाचून खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हसू येईल. इथं पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागी पाणी लागतंच. तोंडात घेतलं की कळतं, का लागलं.

या यादीवर पुरोगामी मित्र नाक मुरडतात : इतकं सोडल्यावर उरलं काय? मला तसं वाटत नाही. कायद्यानं देव-धर्माला हात लावला नाही आणि इजा, भीती, फसवणूक, पैसा यांवर बोट ठेवलं. तुम्ही काय मानता हा सरकारचा प्रश्न नाही. तुमच्या मानण्यानं दुसऱ्याच्या अंगाला चटका बसतो का, हा आहे. ही रेघ स्वच्छ आहे. अठरा वर्षांच्या भांडणातून ती आली, आणि तिच्यामुळेच गावातला वारकरी आज या कायद्याला आपला वैरी मानत नाही. एक विरोधाभास मात्र राहतोच. ज्या कीर्तनाला धोका आहे म्हणून मोर्चे निघाले, त्याच कीर्तनात ऋणमोचनच्या खराटेवाल्यानं नवस, बळी, अंगारे यांची कायद्याहून कडक उलटतपासणी पन्नास वर्षं केली होती.

आणि ती करणारे संपले नाहीत. अकोट भागातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज एकट्यानं सात खंजिऱ्या वाजवत कीर्तन करतात. विषय हुंडा, व्यसन, बुवाबाजी. मे 2017 मध्ये मुंबईत दादर-नायगावला कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा उभे राहिले. कीर्तनाचा मांडव सुरक्षित जागा आहे असं समजू नये.

अंबादेवीचं दार

हक्काचा प्रश्न आला की या टापूत पहिलं नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचं निघतं. पापळ गावचा शेतकऱ्याचा मुलगा. परदेशात जाऊन वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास यावर प्रबंध लिहून आला आणि अमरावतीत येऊन अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून उभा राहिला. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत झालेल्या वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. महाडचं पाणी त्याच वर्षीच्या मार्चातलं.

पंजाबराव पुढे मंत्री झाले तेव्हा 1932 मध्ये त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक आणलं : देवळाचा पैसा समाजाच्या कामी यावा. सनातन्यांनी धर्म बुडाला म्हणून ओरड केली. धर्मग्रंथांवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला धर्म कळत नाही असं म्हणण्याची सोय मात्र त्यांना राहिली नव्हती. त्याच वर्षी श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. दर्यापूरचं जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय तिचंच. आज तिथं शेतकऱ्यांच्या मुली विज्ञान शिकतात.

गाडगेबाबांनी देवळाच्या दाराशी वाद घातला नाही. त्यांनी 1917 साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, जिथं महारा-मांगांना हक्कानं उतरता येईल. ही धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, चौदा दिवसांनी गाडगेबाबा. त्याआधी ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर होऊन गेलं होतं. बाबासाहेबांनी धर्म सोडून वाद मिटवला आणि बाबांनी धर्मात राहून तो चालू ठेवला, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पुरतं पटत नाही. बाबासाहेबांनी धर्मच घेतला. विवेकाशी आणि समतेशी जुळणारा शोधून घेतला. हक्काच्या लढाईत इथं देवाधर्माची भाषा कुणीच टाकून दिली नाही.

मग सरकारनं काय केलं? 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं झाडली गेली, संडास बांधले गेले, बक्षिसं वाटली गेली. कामाचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण त्या अभियानानं खराटा उचलला आणि प्रश्न खाली ठेवले. आज दर्यापूर ते अमरावती वाटेवर बाबांचे पुतळे दिसतात, हातात खराटा. भिंतींवर स्वच्छतेची घोषवाक्यं आहेत. दिवा मोठा की देव मोठा, हे कुणी रंगवलेलं मला दिसलं नाही.

श्रीराम लागूंनी 1977 च्या 'देवकीनंदन गोपाला' चित्रपटात बाबांची भूमिका केली होती. हेच लागू नंतर दाभोलकरांसोबत गावोगाव विवेकाचे कार्यक्रम करत फिरले. देव न मानणारा नट आणि देवाचं नाव घेणारा संत एकाच देहात बसले, तेव्हा पडद्यावर कुणालाच काही खटकलं नाही.

तालुक्याची बातमी

हे सगळं वर्तमानपत्रांत कसं उमटतं, ते पाहायला तालुक्याच्या वार्ताहराबरोबर बसावं. त्याला पगार नाममात्र किंवा नाहीच, जाहिरातीवर कमिशन. भागवत सप्ताह आला की पुरवणी निघते, पुरवणीत आमदारापासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांच्या शुभेच्छा छापल्या जातात. त्या पुरवणीवर त्याची दिवाळी होते. मग त्याच मांडवात एखाद्या महाराजानं कर्करोग बरा करण्याचा दावा केला, तर त्याची बातमी कशी द्यायची? तो देत नाही. लबाडीमुळे नव्हे, गावात त्याला उद्याही राहायचंय. जिल्ह्याचा वार्ताहर आला, पोलिसात तक्रार गेली, की मग बातमी होते. तोवर ती 'घटना' नसते.

उलट टोक आपण जानेवारी 2023 मध्ये नागपूरला पाहिलं. बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींनी दरबार भरवला. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानवांनी तीस लाखांचं आव्हान दिलं. महाराज कथा ठरल्याआधी आटोपून गेले. पोलिसांनी कायदाभंग आढळत नाही असं सांगितलं. आठवडाभर वाहिन्यांवर हाच सामना. आव्हान देणं चूक नव्हतं. मानव 1982 पासून हे काम विदर्भात करताहेत आणि ते कायदा घडवणाऱ्यांपैकी एक आहेत. पण कॅमेऱ्यानं त्याचा आखाडा केला. पहिलवान दोन, निकाल नाही, आणि प्रेक्षक आपापल्या बाजूचा झेंडा घेऊन घरी. साप चावलेल्या माणसाचा तास-दीड तास या दोन्ही बातम्यांत नसतो.

मग कशाची बातमी व्हावी? दर्यापूरहून उत्तरेला अंजनगाव ओलांडलं की गाविलगडचे डोंगर दिसू लागतात, वर मेळघाट. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिल्याचं उघड झालं. त्याच्या थोडं आधी त्याच तालुक्यात एका म्हाताऱ्या बाईला करणीच्या संशयावरून मारहाण करून धिंड काढल्याची बातमी होती. चटक्यांच्या या प्रथेला तिथं डंबा म्हणतात. बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला, की भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक, किंवा घरातली वडीलधारी बाई तापलेल्या लोखंडानं डाग देते. बातम्या येतात, संताप होतो, गुन्हा दाखल होतो, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बातमी येते. हिवाळा आणि पावसाळा हे तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियाचे दिवस. पोट फुगणं आणि धाप हे त्याचंच लक्षण असू शकतं. डाग दिल्यानं रोग जात नाही, वर जखम चिघळते.

या बातम्यांच्या खाली एक छोटी सरकारी व्यवस्था दबून राहते. आरोग्य खात्यानं भूमकांशी वैर न धरता त्यांना हाताशी धरलं : रुग्ण दवाखान्यात घेऊन या, मानधन घ्या. यावर कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत. काहींना वाटतं, हे मांत्रिकाला सरकारी शिक्का मारणं झालं. उद्या तो सांगेल, सरकारच मला पैसे देतं. आक्षेप खरा आहे. दुसरी बाजू म्हणते, आईचा ज्याच्यावर भरवसा आहे तोच माणूस बाळाला घेऊन आला तर बाळ वेळेत येतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर : भूमका बाळाला घेऊन उतरेल तेव्हा दवाखान्याला कुलूप नसावं आणि आत डॉक्टर असावा. मेळघाटात ही अट रोज पाळली जात नाही, आणि ज्या दिवशी पाळली जात नाही त्या दिवशी कुठलाही वार्ताहर तिथं गेलेला नसतो.

दर्यापूर भागात साप उतरवणारे काही जण आता स्वतःच सांगू लागलेत : "आंधी दवाखान्यात न्या, मंग माह्याकडं या." कायद्याची भीती म्हणा, मोटारसायकली झाल्या म्हणून म्हणा, की एखादा घरचा माणूस गमावल्यावर आलेलं शहाणपण म्हणा. दवाखान्यातून आलेल्या माणसाला ते नारळ फोडून अंगारा लावतात. डॉक्टरची त्याला हरकत नसते, कायद्याचीही नाही. एका टपरीवर मी विचारलं, मग बरा कुणामुळे झाला म्हणता? एक म्हातारबुवा हसले. "इंजेक्शननं," म्हणाले, "पण त्याले दवाखान्यात जाय म्हणून सांगतलं कोनं?"